रामूवरचं राज्य

फुलपाडा, विरार पूर्व
१४ नोव्हेंबर १९९८

हरेशदादा,

आई गेल्यापासून तुला पत्र लिहिलं नाही आणि आजही लिहिलं नसतं. पण वहिनीच्या मावसबहिणीनं बडोद्याला फोन करून काय सांगितलं असेल, ते मला इथं बसून ऐकू येतं. 'रामू बिल्डिंगमधल्या एका मुलीच्या घरात घुसला.' यातला प्रत्येक शब्द खरा आहे आणि सगळं मिळून खोटं आहे, म्हणून लिहिते.

आपल्या धाकट्या भावाच्या डाव्या भुवईवर टाके आहेत. बरगडी मोडलेली नाही म्हणतात, पण कूस बदलताना तो दात आवळतो. ओठ दोन ठिकाणी फुटलेत. ते कसे फुटले हे शेवटी सांगेन, कारण ते सांगितल्यावर मला पुढं लिहिता येणार नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी, जिथं आपलं खळं होतं त्या बिल्डिंगच्या आवारात मुलं डबा ऐसपैस खेळत होती. रामू रोजच्यासारखा त्यांच्यात होता. राज्य त्याच्यावर होतं. तू कारखान्यात राहून विसरला असशील: ज्याला बाकीच्यांना शोधावं लागतं, त्याच्यावर राज्य. मोठ्यांच्या जगात राज्य मिळवायला माणसं मारतात. मुलांच्या भाषेत राज्य म्हणजे ओझं, आणि ते आळीपाळीनं सगळ्यांनी वाहायचं असतं. एवढी शहाणी राज्यघटना मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

त्यानं एकेकाला शोधलं, डब्यावर हात आपटून नाव घेतलं. उन्नती राहिली. ती तिसऱ्या मजल्यावरची, चौथीतली मुलगी. आईनं गॅलरीतून हाक मारली म्हणून ती मागच्या जिन्यानं वर निघून गेली होती. टाइमप्लीज न घेता. हा शब्द तरी आठवतो ना? पाणी प्यायचं असेल, चप्पल तुटली असेल, तर मूठ ओठांना लावायची आणि 'टाइमप्लीज' म्हणायचं. म्हटलं की खेळ थांबतो, कुणी अंगाला हात लावायचा नाही. न म्हणता गेलेला माणूस घरी गेला, झोपला, लग्न करून सासरी गेला तरी खेळातच असतो. निदान रामूच्या कायद्यात.

मुलं ओरडत होती, "रामूदादा, ती गेली घरी, सोड ना." तो टाकीमागं बघत होता, स्कूटरींच्या मागं वाकून बघत होता. मग त्याला वरून तिचा आवाज आला. डबा उचलून तो जिना चढला. दार उघडं होतं. उन्नती टीव्हीपुढं बसून पोळी खात होती. रामूनं चपला बाहेर काढल्या, आत गेला, डबा फरशीवर टेकवला, त्यावर हात आपटला आणि म्हणाला, "उन्नती ऐसपैस." उन्नती हसली. मागोमाग गेलेल्या मुलांनी हे पाहिलं आहे. तेवढ्यात तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि घरात अंगानं भरलेला, दाढी वाढलेला पुरुष पाहून किंचाळली.

रविवार होता. सगळे पुरुष घरी होते.

मारून झाल्यावर त्याला चौकीत नेलं. तिथं मी विचारलं, "कोणता बदमाश चपला बाहेर काढून आत शिरतो?" हवालदार म्हणाले, "बाई, ते कोर्टात सांगा."

आता ओठांचं. जिन्यात लाथा बसत असताना रामू मूठ ओठांना लावून टाइमप्लीज म्हणत होता. पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यांना वाटलं, हा वेडावतोय. ते त्या मुठीवरच मारत राहिले.

हेमांगी


फुलपाडा
२९ नोव्हेंबर १९९८

हरेशदादा,

उत्तर पोचलं. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' हे वाक्य तू दोनदा लिहिलंस, एकदा पुरलं असतं.

हो, तेव्हाच सांगितलं होतंस. आईच्या बाराव्याला, पानं वाढलेली असताना, सगळ्या भावकीसमोर, की कर्जतच्या पुढं एक संस्था आहे, तिथं रामूला ठेवू. मी तुला व्यासपीठावरून दिल्यासारखं उत्तर दिलं आणि तू न जेवता बॅग उचलून स्टेशनकडे गेलास. त्या दिवशीचा एकही शब्द मी मागं घेत नाही. भाताचं पान टाकून गेलास, तेवढं मला लागलं.

आता तू लिहितोस, 'पस्तिशीला आलेला माणूस पोरांत खेळतो हेच मूळ आहे. त्याला कामाला लावायला हवं होतं.' अरे, तो काम करतो. विहिरीचं पाणी तोच भरतो, परसातली भाजी त्यानंच जगवली आहे. पण इतकी वर्षं पाणी भरून त्याला गावात कुणी नावानं हाक मारली नव्हती. आईच्या नावावरून 'बायजाचा तो खुळा' एवढीच त्याची ओळख. परळचे डॉक्टर आता त्याला ऑटिझम म्हणतात. शब्द आला, पण आईला तो ऐकायला मिळाला नाही. त्याला 'रामूदादा' केलं ते खेळानं. आपण लहान असताना तो लिंबूटिंबू होता, बाद न होणारा, हिशेबात नसणारा. मग त्याच्या बरोबरीची मुलं मोठी झाली आणि खेळ सोडून गेली. पुढची आली, तीही गेली. हा राहिला, आणि राहता राहता खेळाचे सगळे नियम त्याच्यापाशी जमा झाले. भांडण झालं की मुलं त्याच्याकडे धावतात. कारण नियमाच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नाही. स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा नाही.

एक उदाहरण देते. त्याच बिल्डिंगमधला सिद्धेश. बोलताना अडखळतो, पहिल्या अक्षरावरच अडकतो. ऐसपैसमध्ये नाव घ्यावं लागतं. त्याच्यावर राज्य आलं की तो 'क, क, क' करत राही, तेवढ्यात कौस्तुभ येऊन डबा उडवी आणि सगळे सुटत. पोरगा दिवसेंदिवस राज्याखाली. एक दिवस रामूनं डबा उचलून पोटाशी धरला आणि सांगितलं, "नाव सुरू झालं की झालं." वाद झाला. कौस्तुभ म्हणाला, "मग मी पण अर्धंच नाव घेणार." रामू म्हणाला, "घे." बस्स. त्या दिवसापासून आवारातला तो कायदा झाला. सिद्धेशची आई जयवंती मला सांगते, शाळेत वाचायची पाळी आली की ताप भरणारा तो मुलगा खाली आला की तोंड भरून बोलतो.

आता मला सांग, उपकार कुणाचे कुणावर? बिल्डिंगवाल्यांना वाटतं, आमची मुलं बिचाऱ्या रामूला खेळायला घेतात. गावाची मुलं आणि फ्लॅटची मुलं एकमेकांची नावं ज्याच्यामुळं शिकली, तो हा. सोसायटीत गणपती बसतात, सत्यनारायण होतात, तिथं आपल्या आळीतलं कुणी जात नाही. डब्याभोवती मात्र सगळे असायचे.

आणि मोठ्यांनी खेळू नये हा कायदा कुणी केला? तू शनिवारी क्लबात पत्ते कुटतोस. टीव्हीवर अकरा माणसं चेंडूमागं धावतात आणि अख्खा देश कामधंदा टाकून बघतो. तिथं कुणी संस्थेचा पत्ता देत नाही.

सोसायटीनं निरोप पाठवला आहे. रामूला कुठंतरी ठेवा, नाहीतर रीतसर तक्रार देऊ. आज लेखी दिलेलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. हवालदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तक्रार आली तर आधी कोठडी, मग ठाण्याकडचा रस्ता. कुठल्या इस्पितळाचा, ते तुला सांगायला नको.

रामू भिंतीकडे तोंड करून बसतो. दिवसातून कितीतरी वेळा विचारतो, "राज कोनावर हाय?" पहिला सापडला त्यानं राज्य घ्यायचं असतं. पण त्या संध्याकाळी मुलं पळाली, डाव कुणीच घेतला नाही. त्याच्या लेखी राज्य त्याच्यावरच आहे, आणि शोधायला कुणी नाही.

हेमांगी


फुलपाडा
१४ डिसेंबर १९९८

दादा,

काल सोसायटीची सभा होती. मला बोलावलं. मी रामूला बरोबर नेलं. लोकांनी त्याच्याकडे नीट पाहावं, मग जे ठरवायचं ते ठरवावं, असं माझं मत होतं आणि आहे.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी बोलले. तू माझं बोलणं ऐकलं आहेस. पाण्याच्या मोर्चापुढं बोलते तशी बोलले, त्याहून जीव तोडून. म्हटलं, पाखरांची पिल्लं खेळतात, वासरं खेळतात, आणि आपण खेळ हा अभ्यास झाल्यावर उरलेला वेळ समजतो. म्हटलं, ज्याला तुमच्या बोलण्याचे वळसे कळत नाहीत, डोळ्यांच्या खुणा कळत नाहीत, त्याला खेळ कळतो. कारण खेळात सगळे नियम उघड सांगितलेले असतात. तेवढी एकच जागा तुम्ही त्याच्यासाठी ठेवली होती आणि तीही जिन्यात तुडवलीत. टाळ्या पडल्या, दादा. ज्यांनी मारलं त्यांतल्या दोघांनीही वाजवल्या.

मग सेक्रेटरी घाडीगावकर उठले. "मॅडम, इतकं सुंदर बोललात. हे भाषण नळासमोर केलं असतंत तर पाणी तरी आलं असतं." हशा झाला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

उन्नतीची आई विनया मागच्या खुर्चीवर होती. ती सांगलीकडची, आवाज चढवत नाही. म्हणाली, "ताई, मला भाषणातलं फार कळत नाही. हे पुन्हा माझ्या घरात येणार नाहीत, एवढंच तुम्ही सांगा. मी लगेच विषय सोडते."

मी काही बोलायच्या आत घाडीगावकरांनी रामूलाच विचारलं. "काय रे, परत जाशील काय वर?"

रामूनं विचार केला. त्याला कुणी काही विचारलं की तो खरोखर विचार करतो. मग म्हणाला, "जाईन ना. राज हाय माझ्यावर."

घाडीगावकर खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच सांगा." त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. ती असती तर मला उत्तर सुचलं असतं.

घरी येताना मी रामूला म्हटलं, "नाही म्हणायचं होतंस रे." तो म्हणाला, "पन राज हाय." मी संतापले होते. कुणावर, ते ठरवता येईना.

आज दुपारी एकटीच विनयाकडे गेले. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, उन्नतीला एकदा खाली पाठवा. तुम्ही बरोबर या. तिनं फक्त 'डाव संपला' म्हणायचं, त्या दिवशी पहिला सापडलेल्या सिद्धेशनं राज्य घ्यायचं, की रामू सुटेल. मग तो तुमच्या जिन्याकडे बघणारही नाही, हे मी लिहून देते.

तिनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "ती खाली उतरतच नाही, ताई. अंथरूण ओलं करते. चौथीतली पोर."

"रामूला घाबरली?"

"नाही हो." तिनं बाहेरच्या खोलीकडे पाहिलं, तिथं कुणी नव्हतं तरी आवाज खाली आणला. "तिनं जिन्यातलं बघितलं. ह्यांनी पण मारलं ना. तिच्या पप्पांनी. ते ऑफिसातून आले की ती पलंगाखाली जाते. मी म्हणते, अगं, पप्पा आहेत. तर म्हणते, पप्पांनी टाइमप्लीज ऐकलं नाही."

चहा तसाच राहिला. तिला नवऱ्याविरुद्ध मुलीला खाली आणणं शक्य नाही आणि मी तिला ते करायला सांगू शकले नाही. इतर कुणाला सांगितलं असतं. सभेत हजारदा सांगितलं आहे.

हेमांगी


फुलपाडा
१० जानेवारी १९९९

हरेशदादा,

तुझ्या मनासारखं झालं. शुक्रवारी रामूला कर्जतच्या पुढं पोचवून आले. तक्रारीचा कागद लिहून तयार होता. घाडीगावकरांनी तो मला वाचायला दिला, भला माणूस. कोठडी आणि संस्था यांत निवड करायची होती. तिला तू निवड म्हण.

तो आनंदानं गेला. वाटेत भजी खाल्ली.

संस्था स्वच्छ आहे. हे मी मुद्दाम लिहिते, म्हणजे मी आकसानं लिहिते असं तुला वाटू नये. फरशी धुतलेली, भांडी लखलखीत, भिंतीवर वेळापत्रक. सकाळी प्रार्थना, मग काम, जेवण, झोप, काम, मग करमणूक, म्हणजे टीव्ही. मी अधीक्षकांना विचारलं, "खेळ केव्हा?"

"शनिवारी कवायत असते."

"खेळ विचारला मी."

"मॅडम, इथं सगळे मोठे आहेत," ते समजुतीनं म्हणाले. "लहान मुलासारखं वागणं मोडावं, हाच आपला उद्देश."

रामूनं त्यांना विचारलं, "राज कोनावर हाय?" अधीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "राज्य सरकारचं अनुदान आहे थोडं, पण वेळेवर येत नाही." दुसरी वेळ असती तर या वाक्यावर मी एक अख्खं व्याख्यान केलं असतं.

आवाराचं सांगते. डबा जिथं ठेवायचे तिथं आता स्कूटरी लागतात. गावची मुलं आली तर वॉचमन हटकतो. फ्लॅटमधली मुलं गच्चीवर जातात, तिथं कुणी कुणाला ढकललं म्हणून आठवड्यात दोनदा आयांची भांडणं झाली. निवाडा करायला कुणी नाही. जयवंती परवा आली होती. सिद्धेश शाळेत हजेरीलाही बोलत नाही, नुसता हात वर करतो. ती मला म्हणाली, "बाई, तेव्हा सभेत मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "हो, पाहिजे होतं." ती रडली. मी तिला थोपटलं नाही.

हेमांगी


फुलपाडा
७ मार्च १९९९

दादा,

मागच्या पत्रात लिहिलं, तो आनंदानं गेला. का, ते लिहिलं नव्हतं. मी त्याला सांगितलं होतं की तिकडे पुष्कळ माणसं आहेत आणि राज्य घ्यायला सगळे तयार आहेत.

काल त्याला भेटायला गेले. एका लांब टेबलाशी बसून तो वाती वळत होता. शेजारी तसेच आणखी, कुणी वाती, कुणी पाकिटं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मला पाहून रामू उठला आणि त्यानं मला हात जोडून नमस्कार केला. मला, हेमांगीला. तसं शिकवलं आहे. वजन उतरलंय. मी बिस्किटं दिली, ती त्यानं न फोडता टेबलावर ठेवली.

अधीक्षक खूश होते. "फार सुधारणा आहे. पहिले दिवस जेवणाच्या ताटावर हात आपटून एकेकाची नावं घ्यायचा. कुणालाही कोपऱ्यात उभं केलेलं बघितलं की नाव घेऊन ओरडायचा. आता अगदी शांत."

मी रामूजवळ वाकून विचारलं, "रामू, राज्य कुणावर आहे रे?"

त्यानं वात वळली, ताटलीत ठेवली आणि पुढचा कापूस घेतला.

मी वीस वर्षं भाषणं करते. माणसाचा स्वाभिमान कसा चिरडला जातो यावर मी बोलते, पुस्तकांतले दाखले देते, लोकांचे डोळे ओले होतात. तो आवाज न करता चिरडला जातो, लोक त्याला सुधारणा म्हणतात आणि अहवालात लिहितात, हे मी काल त्या टेबलाशी उभी राहून पाहिलं. त्याच्या डोक्यावर राज्य होतं तोवर तो कुणाचा तरी होता. कुणीतरी कुठंतरी लपलं आहे आणि ते मलाच शोधायचं आहे, एवढ्यावर माणूस जगतो. ते ओझं त्याच्याकडून कुणी घेतलं नाही. त्याला ते विसरायला लावलं.

मी त्याला घेऊन आले. 'जोखीम आमची' असं लिहून दिलं. तुला विचारलं नाही आणि आता सांगतेही आहे ते परवानगीसाठी नाही. फुलपाड्यात ठेवता येणार नाही, तक्रारीचा तो कागद अजून सोसायटीच्या कपाटात आहे. आमच्या शाळेतल्या उर्सुला टीचर निर्मळ गावच्या. त्यांच्या वाडीत मागं एक खोली रिकामी आहे. उद्या आम्ही तिकडे जातो. घराला कुलूप लावते. किल्ली भावकीत ठेवते, तू कधी आलास तर.

हेमांगी


निर्मळ
१८ एप्रिल १९९९

हरेशदादा,

तू लिहिलंस, 'चार लोकांत नाव असलेली बाई केळीच्या बागेत लपून बसते, हे माझ्या कानावर आलं.' बातमी बरोबर आहे. कोणी सांगितली ते विचारत नाही, बडोद्याला इथलं काय काय ऐकू जातं याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

रामू इथं ओट्यावर बसतो. खातो, अंघोळ करतो, सांगितलं तर भाजीला पाणी घालतो. परीक्षा संपल्यात, वाडीतली मुलं दिवसभर खेळतात. मी त्यांना समजावून सांगितलं, तेव्हा ती आली, म्हणाली, "अंकल, आमच्यात चला." त्याचा हात धरून नेलं. तो गेला, उभा केला तिथं उभा राहिला आणि ती पांगल्यावर परत ओट्यावर येऊन बसला. मुलं दोन-चार दिवस आली. मग नाही आली. मुलंच ती.

म्हणून मी लपते. संध्याकाळी शाळेची वाट संपवून आले की ओट्याजवळ एक डबा ठेवते, मोठ्यानं सांगते, "रामू, राज्य तुझ्यावर," आणि केळीत जाऊन बसते. पहिल्या दिवशी मला लाज वाटली. पातळ चिखलात, डास चावतायत, अंगावर शाळेची साडी, आणि मनात आपल्याच सगळ्या भाषणांची वाक्यं येऊन नाचतायत. खेळावर मी किती बोलले, आणि खेळले केव्हा, ते आठवेना. अंधार पडेपर्यंत बसले. तो उठला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फुलांच्या टोपल्या घेऊन बायका मागच्या वाटेनं जातात, त्यांना मी दिसते. एकजण म्हणाली, "मास्तरीणबाईंचं काय हरवलंय रोज?" दुसरी म्हणाली, "शिकलेल्यांचं असंच असतं, गो." हसत गेल्या. हसू दे.

गेल्या मंगळवारी उर्सुला टीचरची सासू बर्थामावशी वाटेनं आली. सत्तरीची, गुडघे दुखतात, तोंडानं तिखट. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो, बाय, काय करतेस इथं?"

"लपलेय, मावशी."

"कोनापासून?"

"रामूपासून. राज्य आहे त्याच्यावर."

तिनं ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळ्या गावात होणार. ती म्हणाली, "मग अशी ताठ का बसलीस? पदर दिसतोय तिकडून. लपता येत नाय आन् लपतेस." टोपली खाली ठेवली, माझा पदर खेचून खोचला आणि कण्हत कण्हत माझ्या बाजूला बसली. बसल्यावर म्हणाली, "श्वास हलू घे. ऐकू जातो."

आता ती रोज येते. गुरुवारपासून तिच्याबरोबर तिची जाऊही येते. त्या दोघी लपल्या लपल्या कुजबुजत भांडतात, कुठल्या तरी जुन्या लग्नातल्या मानपानावरून, आणि मी त्यांना गप्प करते. एवढं सगळं रामूला ऐकू जात असणार. तो बसलेला असतो. काल त्यानं मान वळवली. मी केळीमागं आणखी वाकले. तो कुंपणाकडे बघत होता, तिथं कावळा होता.

मी तुला आशेचं काही लिहीत नाही. परळचे डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मलाही येत नाही. पण हे मी सोडणार नाही. मी भाषणानं त्याला वाचवू शकले नाही, तू शिस्तीनं वाचवू शकला नाहीस. आता त्याला कुणी वाचवायचं नाही, कुणी सुधारायचं नाही. त्याच्यासाठी लपून बसायचं, एवढंच. आपण शोधण्याजोगे आहोत हे त्याला कळेपर्यंत.

उन्हाळ्याची रजा तुला असते. यायचं असेल तर ये. पण मला हाका मारत, बॅग वाजवत पुढच्या दारानं येऊ नकोस. तुझा आवाज त्याला पाहुण्याचा वाटेल. विहिरीच्या अंगानं ये. कढीपत्त्यामागं एक माणूस मावेल एवढी जागा आहे, बर्थामावशी म्हणते तिथून ओट्यावरून काही दिसत नाही. तिथं बस. मला सांगू नकोस आलास म्हणून. तो उठेपर्यंत बाहेर येऊ नकोस.

हेमांगी